बुधवाऱ्यातला फळा

शुक्रवार, १८ मे १९३४

शेजारच्या गोदाबाईंनी आज तुपात फेटलेला गोड दराबा वाटला. सबंध आळीत! ताट घेऊन स्वतः दारोदार फिरल्या. "आमचा सुधाकर हॅरिंग्टनला लागला हो!" — जसा काही गव्हर्नर झाला.

पोरगा गोड आहे, माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय. पण मॅट्रिकला तिसरा वर्ग, तोही दुसऱ्या खेपेला. अर्ज टाकला आणि आठव्या दिवशी पत्र — या! पुण्याचं हॅरिंग्टन कॉलेज. नाव असं की इथे बऱ्हाणपुरात बुधवाऱ्यातला पानवालासुद्धा ऐकून मान डोलावतो. त्या कॉलेजानं कुणाला परत पाठवल्याचं मी तरी आजवर ऐकलं नाही. मॅट्रिकचा दाखला दाखवा, फी भरा, बाकावर बसा. सुधाकर स्वतःच मला म्हणाला, "काकू, तिथं नाही म्हणायला माणूसच ठेवलेला नाही!" निदान त्याला तरी कळतं. त्याच्या आईला सांगायची सोय नाही.

दराबा मात्र छान झाला होता. दोनदा घेतला.

आमच्या कोकिळेचं अजून काही नाही. पोरगी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली, तीही मुलांच्या हायस्कुलात एकटी, भिंतीकडच्या वेगळ्या बाकावर बसून. एप्रिलात तिला घेऊन पुण्याला गेले होते, जानकीबाई मेडिकल स्कूलच्या परीक्षेला. मनमाडला गाडी बदलून, दौंडवरून. अंगभर कोळशाची धूळ. तिथे पोचलो तर ओसरीभर मुली! दोनशेचौदा. आणि जागा बारा. दोन दिवस लेखी, तिसऱ्या दिवशी एकेकीला आत बोलावून तोंडी. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हिला विचारलं म्हणे, "रक्त पाहून तुला काय होतं?" ही म्हणाली, "कुठून येतंय ते बघावंसं वाटतं." बाई हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.

त्याला महिना झाला. रोज टपालाची वाट.

सोमवार, २१ मे

टपाल आलं. मासिकाला पाठवलेली माझीच गोष्ट परत आली!

गुरुवार, २४ मे

मिळाली! मिळाली जागा!

पत्र इंग्रजीत. कोकिळेनं उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग मला मराठीत सांगितलं. एकेक शब्द जपून, जसा काही सांडेल. दोनशेचौदा मुलींत नववी. अठरा जूनला हजर व्हायचं. शेवटी ठळक अक्षरांत एक ताकीद — निवडलेली मुलगी दुसरीकडे प्रवेश घेत असल्याचं कळलं तर तिची जागा त्याच दिवशी पुढच्या मुलीला दिली जाईल, कारण वाट पाहणाऱ्या पुष्कळ आहेत. आणि अर्जात दिलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांकडे रीतीप्रमाणे चौकशी होईल.

ती दोन नावं मीच घातली होती. एक हेडमास्तरांचं. एक लीलाधरपंतांचं, आमच्या वाचनालयाचे चिटणीस म्हणून. हेडमास्तर सुट्टीत कोकणात गेलेत, पण लीलाधरपंत आहेतच. वाचनालयात येणारी एकुलती एक मुलगी म्हणून कोकिळेचं त्यांना कौतुक. तेव्हा काळजी नाही.

ही पोर डॉक्टरीण व्हायचं कधी म्हणाली ते मला दिवसासकट आठवतं. अकरा वर्षांची होती. माझं पोट दुखायचं, कळा यायच्या. बऱ्हाणपुरात बाईनं पुरुष डॉक्टरपुढे जायची रीत कुठली! म्हणून हे जायचे. डॉक्टरांपुढे बसून स्वतःच्या पोटावर बोट ठेवायचे — "इथे दुखतं. नाही, जरा खाली. घरच्या मंडळींना." डॉक्टर ह्यांचंच पोट दाबून बघायचे आणि औषध माझ्यासाठी द्यायचे! एकदा कोकिळा ह्यांच्याबरोबर गेली होती. घरी येऊन हसत सुटली, हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "आई, बाबांनी जागा चुकीची दाखवली!"

एवढा आनंद झाला आणि सांगायला समोर कोण, तर सोजरबाई, भांडी घासत बसलेली. तिनं राखेचा हात थांबवला. "मंग परत शाळामाच का वो बाई? मॅट्रिक व्हयनी ना पोरगी?"

म्हटलं, अगं, ही डॉक्टरणी तयार करणारी शाळा.

"हा. पन शाळाच शे ना!" आणि पुन्हा भांड्याला लागली.

शनिवार, २६ मे

दोन दिवसांत पाच घरी सांगून झालं. पाचही घरी एकच प्रश्न — "कोणतं म्हणालात?" जानकीबाई. "कोण जानकीबाई?" जणू मी कुणा बाईच्या घरी मुलगी ठेवायला निघाले आहे.

गोदाबाईंची तर कमाल. आधी विचारलं, "अनाथ मुलींसाठी आहे का ती?" नाही म्हटलं. मग मी — माझीच चूक — आकडे सांगितले. म्हटलं, ऐकून तरी गप्प बसतील. दोनशेचौदा मुली बसल्या होत्या, त्यांतून बाराच घेतात.

गोदाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. विचार केला. आणि मग अगदी मायेनं, माझा हात हातात घेऊन — "बाराच? मग चालत नसेल हो ती शाळा. आमच्या सुधाकरच्या एका वर्गात दोनशे मुलं बसतात. दोनशे!"

भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत तरी आवाज करते.

घरी आल्यावर कोकिळेला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बरोबरच आहे त्यांचं, आई. दुकानात गर्दी तर माल चांगला." तिला हसता येतं. सतराव्या वर्षी मलाही येत होतं.

मंगळवार, २९ मे

परत आलेली गोष्ट पुन्हा वाचली. ते छोटं मासिक, जळगावचं. संपादक दहातल्या नऊ गोष्टी परत करतात, आणि परत करताना दोन पानी पत्र लिहितात — कुठे सैल झाली, कुठे मी भ्यायले. गेल्या वर्षी त्यांनी माझी एक घेतली होती. त्या दिवशी मी अंगणात नुसती फिरत होते, काही सुचत नव्हतं. किती जणांनी वाचली? ह्यांनी. कोकिळेनं. बस्स.

आणि दिवाळीत मुंबईच्या त्या जाडजूड अंकात माझी एक रद्दड गोष्ट आली. मला ठाऊक होतं ती रद्दड आहे. तिथे जे पाठवाल ते छापतात, पानं भरायची असतात. पण मुखपृष्ठ रंगीत, नाव मोठं! सबंध गाव घरी येऊन गेलं. तहसीलदारसाहेबांच्या पत्नीनं ओटी भरली. मीही सगळ्यांना चहा दिला, अंक मुद्दाम बाहेरच्या खोलीत मेजावर ठेवला. महिनाभर ठेवला. अजून तिथेच आहे, खरं तर.

तेव्हा गोदाबाईंना हसायचा मला किती हक्क आहे, कोण जाणे.

शुक्रवार, १ जून

व्हायचं तेच झालं. आज हे म्हणाले, "एक वर्ष थांबू या का?"

जेवताना. ताकाचा भुरका मारून. सहज.

मी पोळी तव्यावर तशीच ठेवली. का थांबायचं? तर म्हणे कचेरीत विचारतात. तहसीलदारसाहेबांनी विचारलं, "कौनसा कॉलेज?" ह्यांनी नाव सांगितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं. "तिसऱ्यांदा सांगताना मलाच वाटलं ग, मी काहीतरी खोटं बोलतोय." आणि वर — "ज्या संस्थेचं नाव कुणी ऐकलं नाही तिथे परगावी मुलगी एकटी ठेवायची, उद्या काही झालं तर लोक मलाच विचारतील ना?"

म्हटलं, "आणि हॅरिंग्टनला ठेवली असती तर?"

तर हे म्हणाले, "ते वेगळं." विचारलं, कसं वेगळं? "ते सगळ्यांना माहीत आहे."

पोळी करपली. माणूस वाईट नाही, मुलीवर जीव आहे. तिच्या परीक्षेच्या वेळी दोन महिने स्वतः कंदील पुसून ठेवत होते. पण गावानं मान डोलावल्याशिवाय ह्यांना स्वतःच्या मनातलं पटत नाही. कचेरीतला स्वभाव. वरून शेरा आल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही!

कोकिळा आत सगळं ऐकत होती. जेवली नाही.

शनिवार, २ जून

फार चिडचिड झाली आज. आणि एक गोष्ट हातून झाली ती बरी की वाईट, कळत नाही.

दुपारी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले. बुधवाऱ्यात, रस्त्याच्या कडेला तो मोठा काळा फळा. वर्षभर त्यावर तारेच्या बातम्या असतात, पण जून लागला की बातम्या एका कोपऱ्यात सरकतात आणि बाहेरगावी शिकायला निघालेल्या मुलांची नावं येतात. मुलाचं नाव, बापाचं नाव, कॉलेजचं नाव. लीलाधरपंत स्वतः लिहितात — अक्षर इतकं वळणदार की खडू संपला तरी चालेल, घाई नाही. बाजाराला जाणारं-येणारं गाव तिथे थांबून वाचतं. त्या फळ्यावर आलं ते झालं. मग दुसऱ्या रविवारी सत्कार, शेला आणि नारळ.

लीलाधरपंत शिडीवर उभे होते, कोपरापर्यंत खडू. खाली सात-आठ माणसं. मला बघून शिडीवरूनच मोठ्यानं — "वहिनी! हे काय ऐकतो मी? आपली कोकिळा म्हणे कुठल्याशा शाळेत चालली? पहिला वर्ग मिळवलेली पोर! पुण्याला पाठवायचीच तर सरळ हॅरिंग्टनला पाठवा की! नाव कसं भारदस्त!"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी बोलायला तोंड उघडलं. दोनशेचौदा, बारा, लेखी, तोंडी — सगळं पुन्हा जिभेवर आलं, आणि एकदम असा कंटाळा आला! आठ दिवस तेच तेच सांगून तोंड दुखलं होतं. ऊन डोक्यावर. म्हटलं, "हो, हो. तसंच करू." नुसतं सुटायला म्हटलं. पुस्तक घेतलं आणि आले.

रविवार, ३ जून

फळ्यावर चौथ्या ओळीत, सुधाकरच्या खाली —

कु. कोकिळा, हॅरिंग्टन कॉलेज, पुणे.

हे सकाळी मंडईत गेले होते, तिथून वाचून आले. हातात मावा-जिलबीचा पुडा! चेहरा असा की लग्नानंतर पाहिला नव्हता. रस्त्यात चौघांनी थांबवून पाठ थोपटली. एरवी ह्यांच्याकडे वर मान करून न बघणाऱ्या एका वकिलांनी टांगा थांबवला.

मी सगळं सांगितलं. माझ्या तोंडून कसं निघालं ते. म्हटलं, आत्ता जाते आणि पुसायला सांगते.

हे जिलबीच्या पुड्याची दोरी सोडत होते. मग हळूच — "राहू दे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊ दे तिला तिच्या शाळेत. माझं काही म्हणणं नाही. फक्त फळा राहू दे. पुणं ते पुणंच. कोण बघायला येतंय?"

दोन दिवसांपूर्वी वर्षभर थांबा म्हणणारा माणूस! माझं दोन दिवसांचं समजावणं, कोकिळेचे मार्क, डॉक्टरीणबाईंचं पत्र — कशानं जे झालं नाही ते एका खडूच्या ओळीनं झालं. ओळही खोटी!

जिलबी खाल्ली. काय करू? पोर जाते आहे ना, मग झालं. सोळाला तिची गाडी. गाडी सुटली की त्याच पावली वाचनालयात जाईन आणि सांगेन. तेरा दिवसांचा तर प्रश्न.

सोमवार, ४ जून

कोकिळा दोन दिवस बाहेर पडली नव्हती, तिला आज सोजरबाईकडून कळलं. "बाई, तुमचं नाव बोर्डवर लागेल शे! मोठ्ठं कॉलेज!"

ती सरळ माझ्याकडे आली. मी डाळ निवडत होते. "आई, हे कुणी सांगितलं त्यांना?"

म्हटलं, लीलाधरपंतांनी आपल्या मनानं लिहिलं.

"तू काही म्हणालीस?"

या मुलीपुढे खोटं बोलता येत नाही. जे झालं ते सांगितलं. बाबांचंही सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "मी नववी आले, आई. दोनशेचौदा जणींत. त्या फळ्यावर मी कितवी आहे?"

"चौथी," मी म्हटलं. मूर्खासारखी.

"सुधाकरच्या खाली."

मग मीच चिडले. कुणावर चिडायला हवं होतं आणि कुणावर चिडले! म्हटलं, "तुला जायचंय ना? मग गप्प बस. गावाला खरं पटवत बसलीस तर इथेच म्हातारी होशील. त्या फळ्यामुळे तुझे बाबा हो म्हणालेत, लक्षात ठेव." ती म्हणाली, "म्हणजे मला त्या कॉलेजच्या नावावर जायचं. ज्यानं मला कधी पाहिलंसुद्धा नाही." मी म्हटलं, "हो. त्याच नावावर जा. आणि जे व्हायचं ते होऊन ये."

हे वाक्य गोष्टीत शोभलं असतं. स्वयंपाकघरात शोभलं नाही. ती डाळीतला एक खडा उचलून घेऊन गेली. का, कोण जाणे.

बुधवार, ६ जून

अभिनंदनं! अभिनंदनं! चहाची पातेली उतरत नाही.

गोदाबाई — "आता कसं! ती बाराजणींची शाळा सोडलीत हे फार बरं केलंत. मी म्हणतच होते, ह्या बाईला उशिरा का होईना, सुचेल." मी पदरानं तोंड पुसलं. सुधाकर त्यांच्या मागे उभा होता. त्याला कोकिळेकडून खरं काय ते कळलेलं असावं. माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. त्या पोराची मला लाज वाटली. म्हणजे त्याच्यापुढे माझी.

शुक्रवार, ८ जून

कोकिळा बोलते, पण कामापुरतं. "आई, ट्रंकेची किल्ली." "आई, सुई." आज दुपारी राजघाटावर गेले, एकटीच. तापी अगदी खाली गेलीय, पलीकडे जैनाबादला माणसं नावेशिवाय जात होती, धोतरं वर खोचून. तासभर बसले. मनात एकच — आठ दिवस. फक्त आठ दिवस, आणि मग हा सगळा खोटेपणा मी धुऊन टाकीन.

रविवार, १० जून

झाला सत्कार.

कोकिळा आली नाही. "डोकं दुखतंय म्हणून सांग," म्हणाली. खरंच दुखत असेल. रीत अशी की मूल नसेल तर आईनं किंवा बापानं उठून नारळ घ्यायचा. हे म्हणाले, "तू जा, तू लेखिका." हे स्वतः मागच्या खुर्चीवर, नवा कोट घालून. जूनमध्ये, त्या उकाड्यात!

लीलाधरपंत एकेक नाव पुकारत होते. मुलाच्या नावाला टाळी नाही. कॉलेजच्या नावाला टाळी! पहिला मुलगा, कडू मास्तरांचा, हिशेबनिसाच्या वर्गाला मुंबईला चाललाय — दोन-चार टाळ्या, त्याही त्याच्या मामाच्या. दुसरा नागपूरला, तिथल्या लहानशा कॉलेजात — बऱ्यापैकी. मग सुधाकर, हॅरिंग्टन! छप्पर उडालं. आणि मग — "कुमारी कोकिळा! आपल्या शहरातून हॅरिंग्टन कॉलेजात जाणारी पहिली मुलगी!"

मी उठले. नारळ हातात आला, खांद्यावर शेला. टाळ्या थांबेनात. बायका डोळे पुसत होत्या. आणि खरं लिहायचं तर — इथे तरी खरं लिहायला हवं — मला बरं वाटलं. क्षणभर. माझ्या पोरीसाठी गाव टाळ्या वाजवत होतं, कशासाठी का होईना. दिवाळी अंकाच्या वेळी वाटलं होतं अगदी तसंच. मग लगेच नारळ पदराखाली घेतला.

खाली उतरताना लीलाधरपंत वाकून कानाशी म्हणाले, "वहिनी, तुमच्या कामाचं एक झालं हं. परवा पुण्याहून कोकिळेच्या चौकशीचं पत्र होतं. असं झकास उत्तर धाडलं, इंग्रजीत! वाचणारा म्हणेल, वा!" बिचारे. किती खटपट करतात. म्हटलं, बरं झालं, ते एक काम उरकलं. काय लिहिलंत, असं विचारणार होते, तेवढ्यात गोदाबाईंनी मला मिठीच मारली, नारळासकट. "आता दोघं एकाच वर्गात बसतील हो!"

सोमवार, ११ जून

सकाळपासून मनात काहीतरी टोचतंय. लीलाधरपंतांना विचारून यावं म्हणून वाचनालयात गेले. कुलूप. पुतण्याच्या लग्नाला खंडव्याला गेलेत, गुरुवारी येतील.

काही नसेल. मुलगी हुशार आहे, घराणं चांगलं आहे — आणखी काय लिहिणार!

मंगळवार, १२ जून

आज बोलली! ट्रंक भरत होतो. चार नऊवारी, दोन पोलकी जास्तीची, मेतकूट, तुपाचा डबा. परवाचा शेला मी घालायला गेले तर तिनं बाहेर काढला. "हा नको, आई. हा माझा नाही." मी म्हटलं, बरं. पेटीच्या तळाशी ठेवून दिला, माझ्या.

मग खाली बसून तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. "अजून दुखतं का ग, कुठे?" मी जागा दाखवली. तिनं दोन बोटांनी दाबून बघितलं, अगदी गंभीर चेहरा करून. "इथे? की इथे?" पहिल्यांदाच कुणीतरी माझं दुखणं माझ्याच पोटावर शोधत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! मला हसूही आलं आणि —

म्हणाली, "चार वर्षं थांब. नीट बघीन."

"फळा मी पुसते, कोकिळे," म्हटलं. "शनिवारी तुझी गाडी सुटली की लगेच. माझ्या हातानं पुसते आणि खरं नाव लिहायला लावते. शिडीवर चढेन वाटल्यास."

ती हसली. "लिही हं. आणि खाली नऊ घाल. मोठा."

बुधवार, १३ जून

जानकीबाई मेडिकल स्कूलचं पत्र. चार ओळी. कोकिळेनं वाचलं आणि मला मराठीत सांगितलं, नेहमीसारखं, एकेक शब्द जपून. बऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठित गृहस्थांनी कळवलं आहे की कुमारी कोकिळा हॅरिंग्टन कॉलेजात प्रवेश घेत आहे व त्याबद्दल शहरातर्फे तिचा सत्कारही होत आहे. तरी तिची जागा पुढील उमेदवार मुलीस दिली आहे. अभिनंदन.

ह्यांनी अनवाणी धावत जाऊन तार केली. चार वाजता उत्तर आलं. जागा भरली.

मी ओला फडका घेऊन बुधवाऱ्याकडे निघाले. कोकिळेनं दारातच माझा हात धरला. रडत नव्हती. म्हणाली, "असू दे आई, नको पुसूस. सुधाकरला सांग, एक अर्ज माझ्यासाठीही आण. ते घेतील. ते सगळ्यांनाच घेतात."